सीव्हीतली विसरलेली ओळ

कॉलेजचं नाव आपण मिरवतो. विद्यापीठाचं नाव आठवतं ते फॉर्म भरताना. पण १८५७ पासून या शहराला 'शिकलेला माणूस' हा शिक्का देणाऱ्या मुंबई विद्यापीठाकडे जरा नीट बघायची वेळ आलीय.

'ग्रॅज्युएशन कुठून केलंस?' हा प्रश्न मुंबईत कुणालाही विचारून बघा. उत्तरं ठरलेली. रुईया, पोदार, झेव्हियर्स, डहाणूकर, मिठीबाई, वझे-केळकर. ठाण्याचा असेल तर जोशी-बेडेकर. 'मुंबई विद्यापीठ' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय! दिल्लीवाले बिनधास्त 'डीयू' म्हणून मोकळे होतात, कॉलेजचं नाव नंतर. आपल्याकडे उलटं. आपल्याला 'एमयू' आठवतं ते तीनच वेळा. रिझल्ट लेट झाला की, केटी लागली की, आणि बाहेरगावच्या युनिव्हर्सिटीसाठी ट्रान्सक्रिप्ट काढायला कलिनाची बस पकडावी लागली की.

गंमत म्हणजे डिग्रीच्या कागदावर वर, ठसठशीत अक्षरात नाव असतं ते विद्यापीठाचंच. शिक्का त्याचा, सही कुलगुरूंची. मग तीन वर्षं आपण ज्याच्या नावाने परीक्षा दिल्या, त्याच्याशी आपलं नातं इतकं कोरडं का? मी याचं उत्तर शोधायला लागलो आणि थेट १८५७ सालात जाऊन पोचलो. म्हटलं तर दोष आपला नाही. हे विद्यापीठ जन्मलंच मुळी परीक्षा घेण्यासाठी.

शिकवणार नाही, पेपर तपासेन

साल लक्षात घ्या. १८५७. उत्तरेत उठाव पेटलेला, कंपनी सरकारची झोप उडालेली, आणि त्याच वर्षी कंपनीने हिंदुस्थानात तीन विद्यापीठं काढली. कलकत्ता जानेवारीत, मुंबई १८ जुलैला आणि मद्रास सप्टेंबरात. मूळ कल्पना १८५४ च्या वुडच्या खलित्यातली. नमुना घेतला तो लंडन विद्यापीठाचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नव्हे, हे महत्त्वाचं. लंडनचं विद्यापीठ तेव्हा स्वतः वर्ग भरवत नसे. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. असा सरळ हिशेब.

म्हणजे मुंबई विद्यापीठाकडे सुरुवातीला ना स्वतःचे वर्ग होते, ना स्वतःची इमारत. कारभार चालायचा टाउन हॉलमधून, तोच तो एशियाटिकच्या पायऱ्यांचा टाउन हॉल, जिथे आज प्री-वेडिंगची शूट चालतात. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात चौघं जण. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिल्याच बॅचचा स्ट्राइक रेट बघा! एक न्यायमूर्ती आणि समाजसुधारक, दुसरे संस्कृतचे जगन्मान्य पंडित. हेच भांडारकर पुढे १८९३ मध्ये याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या वर्षभर आधी काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे पहिले भारतीय कुलगुरू झाले होते. रानड्यांनी तर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला मानाची जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं भांडण मांडलं. आज मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्यांनी या गृहस्थांना मनातल्या मनात एक नमस्कार करायला हरकत नाही.

कापसाच्या पैशातलं घड्याळ

इमारत नव्हती, ती कशी आली ही गोष्ट अगदी मुंबईची आहे. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी इथला कापूस उचलायला सुरुवात केली. मुंबईत पैशाचा पूर आला. या पुरातला सगळ्यात मोठा खेळाडू म्हणजे प्रेमचंद रायचंद. शेअर बाजाराचा अनभिषिक्त राजा. त्याने १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एकच. मनोऱ्याला आईचं, राजाबाईचं नाव.

१८६५ मध्ये युद्ध थांबलं, कापसाचा भाव कोसळला, बाजार झोपला आणि प्रेमचंदचं दिवाळं वाजलं. डॉट-कॉम क्रॅश किंवा २००८ ची मंदी बघितलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. पण देणगी शाबूत राहिली. १८६९ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७८ मध्ये २८० फुटांचा राजाबाई टॉवर उभा राहिला. शेजारचा दीक्षान्त सभागृह त्याआधीच, १८७४ मध्ये तयार झाला. त्यासाठी लाख रुपये देणारे सर कावसजी जहांगीर 'रेडीमनी'. हो, हे खरंच त्यांचं आडनाव होतं. दोन्ही इमारतींचा आराखडा केला लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, आणि या माणसाने मुंबईत कधी पाऊलही ठेवलं नाही. तिकडून नकाशे धाडले, इकडे इमारती उठल्या. आउटसोर्सिंग म्हणा हवं तर, फक्त उलट्या दिशेचं.

टॉवर कधी जवळून बघितलायत? म्हणजे ओव्हलवर मॅच बघता बघता नव्हे, नीट मान वर करून? वर दगडात कोरलेले पुतळे आहेत, पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जाती-जमातींचे, चोवीस. दीक्षान्त सभागृहाच्या गोल खिडकीत रंगीत काचांच्या बारा राशी आहेत. काळाच्या ओघात हे सगळं काजळलं होतं. टीसीएसने दिलेल्या निधीतून टॉवर आणि ग्रंथालयाची डागडुजी झाली, ती २०१५ मध्ये पुरी झाली. कापसाच्या पैशाने बांधलं आणि सॉफ्टवेअरच्या पैशाने दुरुस्त झालं. शहराचा दीडशे वर्षांचा इतिहास एका वाक्यात! २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना, म्हणजे एकीकडच्या गॉथिक आणि समोरच्या आर्ट डेकोला, जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपला डिग्री-दाता त्यात मधोमध आहे.

सगळ्यांना एकच पेपर

आता येऊ मुद्द्यावर. नुसती परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण या परीक्षेत एक जबरदस्त गोष्ट होती. पेपर सगळ्यांना एकच. मलबार हिलवरच्या शेठच्या पोराला जो, तोच चाळीतल्या पोराला.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या निवृत्त सुभेदाराचा मुलगा १९०७ मध्ये मॅट्रिक होतो आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या काळातल्या समाजाने जिथे जिथे अडवलं, त्याची यादी लांबलचक आहे. पण मुंबई विद्यापीठाची ती पदवी हातात होती म्हणून पुढची वर्षं उघडली आणि १९१३ मध्ये ते कोलंबियाला जाऊ शकले. त्यांनी स्वतः १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. का? तर दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं. मुंबईच्या 'सकाळी कॉलेज, मग ऑफिस' या संस्कृतीमागे हा विचार आहे.

कॉर्नेलिया सोराबजीचं उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. शिकली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, वर्गात सगळे मुलगे. शेवटच्या परीक्षेत ती पहिली आली. पहिल्या नंबराला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती हिला नाकारली गेली, कारण ही बाई! मग हितचिंतकांच्या मदतीवर ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली आणि तिथे कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरली. सरकारने शिष्यवृत्ती नाकारली, पण परीक्षेतला नंबर कुणाला नाकारता आला नाही. एकच पेपर असण्याचा हाच फायदा.

आणि ज्यांना मार्क कमी पडतात त्यांच्यासाठी एक दिलासा. मोहनदास गांधी नावाच्या विद्यार्थ्याने १८८७ मध्ये अहमदाबाद केंद्रावरून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक दिली. मार्क जेमतेम चाळीस टक्क्यांच्या आसपास. पुढे काय झालं ते नोटेवर छापलंय!

घर मोठं, मग वाटण्या

अहमदाबाद, पुणे... ही नावं ऐकून गोंधळलात? एके काळी मुंबई विद्यापीठाचा पसारा म्हणजे अख्खा मुंबई इलाखा. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजचे, पण पदवी मुंबईची. धारवाडचा विद्यार्थी मुंबईचा, बडोद्याचा मुंबईचा, कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजचासुद्धा मुंबईचाच. स्वातंत्र्याच्या आगेमागे वाटण्या झाल्या. सिंधचं वेगळं विद्यापीठ झालं, १९४९ च्या सुमारास पुणे, गुजरात, बडोदा आणि कर्नाटक विद्यापीठं उभी राहिली. दुसरीकडे गोवा मुक्त झाल्यावर तिथली नवी कॉलेजं मुंबईला जोडली गेली आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत तिथल्या मुलांच्या डिग्रीवर मुंबईचाच शिक्का होता. म्हणजे पश्चिम भारतातली निम्मी विद्यापीठं ही आपल्या विद्यापीठाची लेकरं किंवा भावंडं. १९९६ मध्ये शहराच्या मागोमाग विद्यापीठाचंही 'बॉम्बे'चं 'मुंबई' झालं.

नुसतं परीक्षा घेणं मागे पडून स्वतः शिकवायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकात. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, देशातला पहिला. प्रमुख होते पॅट्रिक गेडीस, नगररचनेतलं जगातलं मोठं नाव. त्यांच्यानंतर गो. स. घुर्ये आले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांत एक होत्या इरावती कर्वे. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, माटुंग्याचं आपलं लाडकं 'यूडीसीटी'. डॉ. रघुनाथ माशेलकर तिथलेच, मुकेश अंबानीही तिथलेच. १९७१ मध्ये कलिनाचा विद्यानगरी कॅम्पस सुरू झाला आणि विभागांना मोकळा श्वास मिळाला. सव्वादोनशे एकरांच्या वर जागा, आणि तीही आज बीकेसीच्या कुशीत! एकीकडे काचेचे टॉवर, एकीकडे झाडाखाली एम.ए.च्या नोट्स. त्याच साली पत्रद्वारा शिक्षणही सुरू झालं. ते आपण 'आयडॉल' म्हणून ओळखायचो, आता त्याचं नाव 'सीडीओई' झालंय. नोकरी सांभाळून एम.कॉम. करणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांचं खरं विद्यापीठ तेच.

१६० वा वाढदिवस, रिझल्ट नाही

मग येतं २०१७. त्या वर्षी विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. पण तयारी अपुरी, वेळ कमी आणि उत्तरपत्रिका सुमारे सतरा लाख. १८ जुलै २०१७ ला विद्यापीठ १६० वर्षांचं झालं आणि त्या दिवशी हजारो टीवायवाले रिझल्टची वाट बघत बसले होते. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. कुणाची परदेशातली सीट गेली, कुणाची ऑफर लेटर लटकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. विद्यापीठाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं.

तुमच्या ऑफिसात १९९६-९७ च्या सुमारास जन्मलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा. तो विषय अजून दुखरा आहे. आणि दुखणारच. ज्या एका कामासाठी हे विद्यापीठ जन्माला आलं, तेच काम त्या वर्षी बिघडलं होतं.

यातून सावरायला वेळ लागला. २०२१ मध्ये नॅकने ३.६५ गुण देऊन 'ए प्लस प्लस' ही सगळ्यात वरची श्रेणी दिली. क्यूएसच्या २०२५ च्या जागतिक यादीत नंबर लागला ७११ ते ७२० या पट्ट्यात. म्हणजे घरात शाबासकी, बाहेर बरीच मजल बाकी. ज्या विद्यापीठाकडे आठशेहून जास्त कॉलेजं आहेत, मुंबई-ठाण्यापासून पालघर, रायगड, रत्नागिरी आणि पार सिंधुदुर्गापर्यंत, त्याचा अर्धा जीव परीक्षा आणि निकालातच जातो. संशोधनाला मग उरतं काय?

हुशार मुलं घर सोडतायत

खरी गंमत, किंवा खरी काळजी, पुढे आहे. घरातली कमावती मुलं एकेक करून वेगळी होतायत. यूडीसीटी २००८ मध्ये 'आयसीटी' झालं आणि स्वतंत्र झालं. झेव्हियर्स २०१० मध्ये ऑटोनॉमस झालं. पुढे रुईया, मिठीबाई, जय हिंद अशी रांग लागली. ऑटोनॉमस म्हणजे सिलॅबस आणि परीक्षा त्यांच्या, डिग्री मात्र विद्यापीठाची. पण त्याच्याही पुढची पायरी आली. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. पाठोपाठ २०२० मध्ये एच.आर. आणि के.सी. यांचं एचएसएनसी विद्यापीठ झालं. यांची डिग्रीसुद्धा वेगळी.

जरा थांबून विचार करा. ज्या एल्फिन्स्टनने विद्यापीठाला आंबेडकर दिले, ते आता मुंबई विद्यापीठात नाही!

वेगळं होणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. सिलॅबस बदलायला वर्षानुवर्षं वाट बघायची, आठशे कॉलेजांच्या वेगाने चालायचं, हे चांगल्या प्राध्यापकाला गुदमरवणारंच आहे. माझ्या टीममध्ये दोन ज्युनिअर्स आहेत. एक ऑटोनॉमस कॉलेजमधली, तिने शेवटच्या वर्षी डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकलंय. दुसरा कणकवलीकडचा, विद्यापीठाचा नेहमीचा सिलॅबस शिकून आलेला. काम दोघं उत्तम करतात. पण मुलाखतीला बोलवायच्या यादीत कुणाचं नाव आधी येतं हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

म्हणूनच प्रश्न फक्त कुलगुरूंचा किंवा सिनेटचा नाही. ब्रँड असलेली कॉलेजं आपापल्या नावावर चालतील. ज्यांच्या कॉलेजला ब्रँडच नाही, त्यांच्याकडे दाखवायला एकच नाव असतं, मुंबई विद्यापीठ. वैभववाडीची मुलगी, उल्हासनगरच्या नाइट कॉलेजचा मुलगा, कुरिअर कंपनीत दिवस काढून 'सीडीओई'तून बी.ए. करणारा कुणी, यांच्यासाठी ती ओळच सगळं काही आहे. हे नाव घसरलं की पहिला फटका त्यांना. आणि हे नाव वर गेलं तर पहिला फायदाही त्यांनाच.

मग आपण करायचं काय? एक, पदवीधर म्हणून सिनेटच्या निवडणुकीसाठी नाव नोंदवता येतं. नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून देतात. मतदान फारच थोडे जण करतात आणि मग विद्यापीठात राजकारण फार झालं म्हणून ओरडतात. दोन, आपल्यातले बरेच जण आता मुलाखती घेण्याच्या खुर्चीत बसलेत. समोर एखादा रिझ्युमे येईल, कॉलेजचं नाव कधी न ऐकलेलं, कदाचित स्पेलिंगही चुकलेलं. तो बाजूला टाकण्याआधी खालची ओळ वाचा. त्या ओळीने परळच्या चाळीतल्या मुलाला दार उघडून दिलं होतं. निदान दार ठोठावणाऱ्याला आत बोलवून दोन प्रश्न तरी विचारूया.

चौकट : शनिवारची विद्यापीठ-फेरी

• चर्चगेटला उतरा, ओव्हलच्या पश्चिम कडेने चाला. राजाबाई टॉवरचा सगळ्यात छान फोटो तिथूनच येतो, पुढे क्रिकेट, मागे गॉथिक.
• मग रस्ता ओलांडून फोर्ट कॅम्पसकडे या. टॉवरवर चढायला सहसा देत नाहीत, पण इमारतींची नक्षी बाहेरूनही दिसते. कावसजी जहांगीर यांचा पुतळा चुकवू नका.
• तिथून चालत टाउन हॉलच्या पायऱ्यांवर. विद्यापीठाचा संसार इथूनच सुरू झाला.
• पाय दुखले नसतील तर फोर्टातच सिद्धार्थ कॉलेजची इमारत बघून घ्या. सकाळी गेलात तर उत्तम. सकाळचं कॉलेज म्हणजे काय ते कळेल.